बोटं पुढे, पडदा मागे

धारवाडहून बेळगावच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात बेलूरची औद्योगिक वसाहत येते. पूर्वी टाटा मार्कोपोलो नावाने ओळखला जाणारा, बस बांधणारा कारखाना इथे आहे, कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ इथे आहे, आणि २०१६ साली आयआयटी धारवाड सुरू झाली तीही इथल्याच ‘वाल्मी’ या जल-भूमी व्यवस्थापन संस्थेच्या आवारात. कारखाना, कोर्ट आणि संगणकशास्त्र अशी तीन जगं इथे शेजारी नांदली. तिन्हींना लागणारं एक काम मात्र कुणाच्याच फलकावर लिहिलेलं नसतं. ते म्हणजे कागदावरचा मजकूर संगणकात चढवणं. बिलं, चलनं, गेट पास, हजेऱ्या, दाव्यांचे क्रमांक. हे दिवसभर चालतं, मार्चअखेरीस रात्रीही चालतं.

हे काम करणारा मुरलेला माणूस पडद्याकडे जवळजवळ बघतच नाही. डाव्या हाताचं बोट बिलाच्या ओळीवर, उजवा हात आकड्यांच्या कळांवर, नजर कागदावर. मान वर होते ती शेवटची बेरीज जुळते का ते पाहायला. त्याच्या लेखी सॉफ्टवेअर ही पाहायची वस्तूच नाही. पुढची कळ कुठे पडणार हे आधीच ठाऊक असणं, एवढाच त्याचा सॉफ्टवेअरशी करार. पडद्यावर शंभर चौकटी असल्या तरी कीबोर्डचं म्हणणं एका वेळी एकाच चौकटीला ऐकू जातं. त्या जागेला फोकस म्हणतात.

फोकस हरवणं आणि सॉफ्टवेअर मंद चालणं या दोन वेगळ्या तक्रारी मानल्या जातात. पहिली बगांच्या यादीत जाते, दुसरी ‘परफॉर्मन्स’च्या. अनेकदा त्या सोडवणारी माणसंही वेगळी असतात. माझं म्हणणं असं की कीबोर्डवर पोट असलेल्या माणसासाठी हा एकच दोष आहे. पुढे जाऊन असंही म्हणतो, की वेग वाढवण्याचे जे उपाय आज सर्रास सांगितले जातात, ते फोकसचा विचार न करता केले तर सॉफ्टवेअर चपळ दिसू लागतं आणि काम बिघडतं.

कीबोर्डशी केलेला करार कसा पाळायचा याचा धडा आपल्याला लांब शोधावा लागत नाही. १९८६ साली श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनी बंगळुरात सुरू केलेल्या कंपनीतून टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर घडलं. पेमेंटला एफ-पाच, रिसीटला एफ-सहा, सेल्सला एफ-आठ, पर्चेसला एफ-नऊ, आणि कंट्रोल-ए मारलं की व्हाउचर मंजूर. हुबळीचा असो की इचलकरंजीचा, जुन्या अकाउंटंटला या कळा विचारल्या तर तो तोंडी सांगण्याआधी हवेत बोटं हलवून बघेल. त्यातही ऑल्ट-सी ही कळ मला फार शहाणी वाटते. व्हाउचर भरताना पार्टीचं खातंच उघडलेलं नाही असं लक्षात आलं, तर ऑल्ट-सी मारायचं, तिथल्या तिथे नवं लेजर तयार करायचं आणि व्हाउचरमध्ये सोडलेल्या जागीच परत यायचं. ‘गेलास तिथूनच परत ये’ हा फोकसचा पहिला धर्म, आणि तो इथे पाळलेला दिसतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये टॅलीप्राइम आलं तेव्हा मेनू आणि मांडणी पुष्कळ बदलली, पण व्हाउचरच्या या मुख्य कळा जागच्या हलल्या नाहीत. बोटांची सवय ही गिऱ्हाइकाची वर्षानुवर्षांची कमाई असते, तिला हात लावायचा नसतो.

या कमाईची किंमत काढता येते. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल यांनी १९८० साली कीबोर्ड-माऊसच्या कामाचा हिशेब मांडला. सराईत माणसाला एक कळ दाबायला साधारण ०.२ सेकंद, हात कीबोर्डवरून माऊसवर न्यायला ०.४ सेकंद, आणि पडद्यावरच्या जागेवर नेम धरायला सरासरी १.१ सेकंद. म्हणजे फोकस हरवला म्हणून एकदा माऊसकडे जाऊन, चौकटीत टिचकी मारून परत यायचं तर दोन सेकंद गेले. दहा ओळींच्या बिलात प्रत्येक ओळीला हे घडलं तर वीस सेकंद, आणि अशी शंभर बिलं असली तर अर्ध्या तासाहून जास्त. शिवाय नजर कागदावरून उठते ती ओळ चुकण्याची जोखीम घेऊनच. ती या हिशेबात धरलेलीच नाही.

आता गुंता कुठे आहे ते पाहू. डॉसच्या काळात संगणक मंद होते, पण कळांच्या बाबतीत इमानी होते. दाबलेली कळ एका छोट्या साठ्यात जाऊन बसे. त्यात पंधरा कळा मावत, त्याहून जास्त झाल्या की मशीन ‘बीप’ करून ओरडे. प्रोग्रॅम हातातलं काम संपवून एकेक कळ क्रमाने उचले. माणूस चार कळा पुढे असला तरी त्या जिथे पडायच्या तिथेच पडत. बोटं पुढे आणि पडदा मागे, तरी हिशेब बरोबर.

विंडोजमध्येही कळा रांगेतच बसतात, पण एक खुबी आहे. कळ कोणत्या चौकटीची हे ती दाबताना ठरत नाही, प्रोग्रॅम ती रांगेतून उचलतो तेव्हा ठरतं. पत्र पेटीत टाकताना त्यावर पत्ताच लिहायचा नाही, पोस्टमन ते पिशवीतून काढेल त्या क्षणी घरमालक ज्या घरात असेल तिथे ते द्यायचं, असा हा कारभार. जोवर प्रोग्रॅम एका वेळी एकच काम करतो तोवर हा कारभार बिनचूक चालतो. एंटर मारला, प्रोग्रॅमने मालाचा कोड सर्व्हरवर शोधला, सापडल्यावर फोकस नगसंख्येच्या चौकटीत नेला आणि मगच पुढची कळ उचलली. मधल्या वेळात पडदा गोठलेला असेल, पण आकडे योग्य जागी पडतील.

गोठलेला पडदा मात्र कुणालाच नको असतो. पाच सेकंद प्रोग्रॅमने रांगेकडे पाहिलं नाही तर विंडोज त्याच्या माथ्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असा शिक्का मारतं. म्हणून प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगतं की जड काम पडदा सांभाळणाऱ्या थ्रेडवर, म्हणजे कामाच्या धाग्यावर, करू नका, ते मागे पाठवा. सल्ला खरा आहे. पण तो तसाच पाळला तर काय होतं? एंटर मारला, कोडाचा शोध मागे गेला, थ्रेड मोकळा झाला, आणि मोकळा थ्रेड लगेच पुढच्या कळा उचलू लागला. फोकस अजून कोडाच्याच चौकटीत आहे, कारण तो हलणार शोध संपल्यावर. शोधाला ०.६ सेकंद लागले असं धरा. दर कळेला ०.२ सेकंद या गतीने तेवढ्यात तीन कळा पडल्या: एक, दोन आणि एंटर. माणसाने ४५०१ क्रमांकाचे बारा नग लिहिले, प्रोग्रॅमने वाचला ४५०११२ हा कोड. आधी पडदा गोठत होता आणि नोंद बरोबर होती. आता पडदा एक क्षणही गोठत नाही आणि नोंद चुकते. मोजमापाच्या आलेखावर याला सुधारणा म्हणतात.

दुसरा उपायही असाच. हजारो ओळींची यादी संपूर्ण बांधत बसू नका, पडद्यावर दिसतील तेवढ्याच ओळी बांधा आणि वर सरकून गेलेल्या ओळींचा सांगाडा खालच्यांना वापरा. यामुळे मेमरी वाचते, यादी झरझर सरकते. पण फोकस जिच्यावर होता ती ओळ वर निघून गेली आणि तिचा सांगाडा दुसऱ्याच ओळीला मिळाला, तर फोकस कुणाचा? नीट विचार केलेला नसेल तर कुणाचाच नाही. तो थेट खिडकीच्या चौकटीवर जाऊन बसतो आणि खालचा बाण दाबला तरी काही हलत नाही.

तिसरा उपाय शोधपेटीतला. प्रत्येक अक्षराला सर्व्हरकडे धावू नका, माणूस क्षणभर थांबला की मगच यादी आणा. इथेही हेतू चांगलाच. पण ‘गणेश’ लिहून, दोनदा खाली बाण आणि एंटर अशी ज्याच्या बोटांना सवय आहे, त्याचे बाण जुन्या यादीवर पडतात आणि एंटर नव्या यादीवर. माल एका पार्टीचा, बिल दुसऱ्या पार्टीच्या नावावर. ही चूक त्या दिवशी दिसत नाही. ती महिन्याने, उधारी वसूल करताना दिसते.

म्हणजे दोष वेग वाढवण्यात नाही, वेग कशाचा मोजला यात आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क परिसरातल्या नायनेक्स या टेलिफोन कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑपरेटरांसाठी नवी, जास्त चपळ यंत्रं आणायचा विचार केला. पडदा लवकर भरत होता, कळाही कमी लागत होत्या. वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवूड यांनी ऑपरेटरच्या बोलण्याचा, ऐकण्याचा आणि बोटांचा क्रम मांडून भाकीत केलं की नव्या यंत्रावर प्रत्येक कॉलला जास्त वेळ लागेल. प्रत्यक्ष चाचणीतही नवं यंत्र साधारण चार टक्के मंद निघालं. वाचवलेल्या कळा अशा वेळच्या होत्या की तेव्हा ऑपरेटर तसाही समोरच्याचं बोलणं ऐकत थांबलेला असे, आणि वाढलेली कळ नेमकी कॉल संपवण्याच्या वाटेत आडवी येत होती. यंत्र वेगवान होतं, पण यंत्र आणि माणूस मिळून होणारं काम मंदावलं होतं. १९९३ साली छापून आलेला हा अभ्यास सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे.

मग हे दोष आधीच सापडत का नाहीत? एक कारण तांत्रिक आहे आणि मोठं मजेशीर आहे. बग शोधायचा नेहमीचा मार्ग म्हणजे ब्रेकपॉइंट टाकून प्रोग्रॅम मध्येच थांबवणं. पण थांबवला की डीबगरची, म्हणजे बग शोधायच्या साधनाची, खिडकी पुढे येते आणि फोकस तिच्याकडे जातो. जे पाहायचं तेच पाहण्याने बदलतं. शिवाय प्रोग्रॅम थांबला की शोध आणि कळा यांच्यातली ०.६ सेकंदाची शर्यतही संपते. म्हणून फोकसचा बग थांबवून पकडता येत नाही, त्याची डायरी ठेवावी लागते. फोकस कोणत्या चौकटीतून कोणत्या चौकटीत गेला, किती वाजून किती मिलिसेकंदांनी गेला, आणि तो माणसाच्या कळेमुळे गेला की प्रोग्रॅमच्या आज्ञेने, हे फाइलमध्ये लिहीत जायचं. कोणती कळ दाबली ते लिहायचं नाही, नाहीतर या डायरीत लोकांचे पासवर्ड गोळा होतील. कळ पडल्याची वेळ पुरे. दोन्ही वेळा शेजारी मांडल्या की चोर सापडतो. एंटर पडला, फोकस हलायला पाऊण सेकंद लागला आणि त्या पाऊण सेकंदात तीन कळा येऊन गेल्या. आधी फोकसचा बग वाटलेली गोष्ट मंदपणाची निघते. बाकीच्या बगांत ‘सेव्ह’चं बटण दुसऱ्यांदा दाबलं जाऊ नये म्हणून करडं केलेलं असतं आणि फोकस त्याच मेलेल्या बटणावर राहिलेला असतो, किंवा बंद झालेल्या खिडकीने फोकस परत केलेला नसतो.

दुसरं कारण माणसांचं आहे, आणि ते जास्त खोल आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचं मशीन नवं, सर्व्हर त्याच मशीनवर, चाचणीच्या डेटात पन्नास वस्तू, हातात माऊस आणि नजर पडद्यावर. तो कधी बोटांनी पडद्याच्या पुढे जातच नाही, मग त्याला शर्यत दिसणार कुठून? विकत घेणारा मालक डेमोमध्ये रंगीत आलेख पाहतो. आठ तास ज्याला ते वापरायचं आहे तो डेमोच्या खोलीत नसतो. आणि चूक झाली की ती त्याच्याच नावावर जाते.

मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीखाली लागणाऱ्या ई-वे बिलाचं उदाहरण घ्या. राज्यांतर्गत वाहतुकीसाठी ते सर्वप्रथम लागू केलं कर्नाटकाने, १ एप्रिल २०१८ पासून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघालेल्या परिपत्रकाने किरकोळ चुकांना सवलत दिली. गाडीच्या नंबरात एखाददुसरा अंक चुकला असेल तर केंद्राच्या आणि राज्याच्या कायद्याखाली पाचपाचशे रुपये दंड, माल आंतरराज्य असेल तर एक हजार. त्याहून मोठी चूक झाली तर गाडी अडवण्यापर्यंत मजल जाऊ शकते. परिपत्रक समंजस आहे, पण त्यात गृहीत धरलेली चूक माणसाच्या बोटाची. गाडीच्या नंबराचा शेवटचा अंक प्रोग्रॅमने पुढच्या चौकटीत ढकलला असेल, तर ते सिद्ध करायला त्या माणसाजवळ काय आहे? सॉफ्टवेअरने डायरी ठेवलेली नाही, आणि अकाउंटंटचा शब्द मालकापुढे टिकत नाही.

एकाहून जास्त भाषांत काम करणाऱ्याची पंचाईत आणखी वेगळी. या पट्ट्यात एका टेबलावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही लागतात. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डची मांडणी भारतीय लिप्यांसाठी समान असल्याने मराठीतला क आणि कन्नडमधला क एकाच कळेवर आहे, आणि ही मोठी सोय आहे. पण विंडोजमध्ये प्रत्येक खिडकीला वेगळी भाषा ठेवण्याची सोय चालू असेल आणि फोकस न सांगता दुसऱ्या खिडकीत गेला, तर लिपी बदलते आणि बोटांना ते कळतच नाही, कारण बोटांच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं.

आणि ज्याला पडदा दिसतच नाही त्याचं काय? मायकेल करन यांनी २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू केलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर आज आपल्याकडेही वापरला जातो. फोकस जिथे जाईल तिथलं तो वाचून दाखवतो. फोकस हरवला की डोळस माणसाचे दोन सेकंद जातात, अंध माणसाच्या पायाखालची फरशीच जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखल्या, त्यांतला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. जागा राखून ठेवायची आणि त्या टेबलावर टॅब मारला की फोकस गायब होणारं सॉफ्टवेअर द्यायचं, ही दिलेली जागा काढून घेण्याचीच रीत झाली.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की हाताने भरणं आता संपत आलं, बारकोड आला, ई-इनव्हॉइस आलं. ई-इनव्हॉइस वाढलं हे खरं. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ते सक्तीचं आहे. पण स्टोअरमधला बारकोड स्कॅनर संगणकाला बहुतेक वेळा कीबोर्ड म्हणूनच जोडलेला असतो. तोही अक्षरं टाइप करतो आणि शेवटी एंटर मारतो, फक्त कोणत्याही माणसाहून कितीतरी वेगाने. हळू हलणाऱ्या फोकसपुढे माणूस तीन कळा चुकवतो, स्कॅनर अख्खा कोड चुकवतो. यंत्रं वाढली म्हणून हा प्रश्न सुटत नाही, उलट तातडीचा होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. काही वेळा प्रोग्रॅमने माणसाला थांबवायलाच हवं. साठा संपला, उधारीची मर्यादा ओलांडली, यंत्रावर धोक्याची सूचना आली. हे मान्य. पण पूर्ण वेगात टाइप करणाऱ्यासमोर फोकस हिसकावून सूचनेची खिडकी उघडली तर पुढचाच एंटर तिच्या ‘ओके’वर पडतो आणि सूचना न वाचताच मिटते. हिसकावलेला फोकस सूचनेच्याही उपयोगी पडत नाही. आवाज करा, पट्टी लाल करा, सेव्ह अडवा, पण चालत्या बोटांखालची जागा काढू नका. विंडोज ९८ आणि २००० पासून मायक्रोसॉफ्टने एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचा फोकस हिसकावायला मज्जाव केला, तेव्हापासून मागचा प्रोग्रॅम पुढे न येता खालच्या पट्टीत लुकलुकतो. प्रोग्रॅमच्या आतल्या आत चालणाऱ्या चोरीवर मात्र कुणाचाच पहारा नाही. तो बनवणाऱ्यालाच ठेवावा लागतो.

पहारा ठेवायचा म्हणजे काय, ते अवघड नाही. एंटर मारताच फोकस लगेच पुढच्या चौकटीत न्या आणि कोडाचा शोध मागाहून चालू द्या. कोड चुकीचा निघाला तर त्या ओळीवर खूण करा, माणसाला ओढून परत आणू नका. मागून आलेल्या उत्तराला फोकस हलवण्याचा अधिकारच देऊ नका. प्रत्येक टॅबला साठा, कर आणि बेरीज नव्याने मांडण्याचा सोस सोडा. तिथे लागेल तेवढंच करा, बाकीची तपासणी व्हाउचर मंजूर करताना. यादी नव्याने आली तरी माणसाने निवडलेली ओळ निवडलेलीच राहू द्या. हे करणाऱ्या सॉफ्टवेअरला वेगळा ‘परफॉर्मन्स’ प्रकल्प क्वचितच लागेल, कारण टॅबला होणारं अनावश्यक काम गेलं की मंदपणाचा मोठा भागही जातो.

राहिला विकत घेणाऱ्याचा वाटा, आणि माझ्या मते खरी किल्ली तिथेच आहे. बनवणारा ज्याचे पैसे मिळतात तेच सुधारतो. म्हणून बेलूरमधल्या शेडच्या मालकाने, कोर्टाच्या प्रशासनाने किंवा कुठल्याही कार्यालयाने डेमो पाहताना माऊस काढून घ्यावा, वर्षभराचा खरा डेटा भरायला लावावा, ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या मशीनवर तो चालवावा, आणि खुर्चीत विक्रेत्याला न बसवता रोज एंट्री करणाऱ्या माणसाला बसवावं. त्याला कागदावर नजर ठेवून दहा बिलं भरू द्यावीत आणि मग कागद आणि नोंदी शेजारी ठेवून तपासाव्यात. नोंद आणि कागद जुळत नसतील, तर पडदा कितीही झरझर हलत असला तरी ते सॉफ्टवेअर मंद आहे असं स्पष्ट सांगावं आणि पैसे देऊ नयेत.